मागच्या डाव्या पाट्याचा नट

वस्ताद,

आफ्रिकेला जाऊन यायला मला नेमकं काय पडलं, ते आज एकदाचं मांडून टाकतो. बोटीचं भाडं गाडीच्या मालकांनी, नैरोबीकरांनी भरलं होतं, ते धरत नाही. माझी गेली ती एक दाढ, उजवीकडची. ती मी चार दिवस इतकी आवळून धरली, की शेवटी दुभंगली. एक ताप तिथून बरोबर आला, आणि पुढं कित्येक वर्षं आखाड लागला की पाहुण्यासारखा मुक्कामाला यायचा. चालत्या गाडीत माणसाचा डोळा लागतो, तसा माझा लागायचा, तो लागायचा कायमचा बंद झाला. आणि तुमची मयत चुकली. बाकी मिळालंच म्हणायचं. नाव मिळालं, नावावर कामं मिळाली, कामांवर कारखाना उभा राहिला. पण ह्या चार गोष्टींतली चौथी अशी आहे, की ती पारड्यात टाकली की दुसरीकडं काहीही घाला, काटा हलत नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र तेव्हा लिहिलं असतं तर ते रेल्वे फाटकाजवळच्या चहावाल्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो चार माणसांत मोठ्यानं वाचायचा. म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. कारण बरं होतं, बराच काळ पुरलं. आता तुम्ही नाही, चहावाला नाही, फाटकही हललं. आता लिहायला हरकत नाही.

आजच का, तर गेल्या आठवड्यात आमच्या नव्या शेडचं उद्‌घाटन झालं. तुमच्या निघोज्याच्या शिवारात, वस्ताद! जिथं तुमचे वडील बाजरी करायचे, तिथून हाकेच्या अंतरावर आता माझी प्रेस मशीन धडधडते. तुमच्या भावकीतली पोरं माझ्याकडं शिफ्टला येतात. मुलानं आफ्रिकेचा फोटो भिंतीएवढा करून लावला होता. चिखलानं माखलेली गाडी, शेजारी नैरोबीकर आणि मी. मग काय, लोक म्हणाले, सांगा. आणि मी सांगितलं. गेली चाळीस वर्षं सांगतोय तेच. "चार दिवस, दोन हजारांवर मैल. गाडी ह्या दोन कानांवर पोचली. एक आवाज सुटला नाही." टाळ्या पडल्या. नंतर जेवणाचं ताट समोर आलं, ते मी तसंच बाजूला सारलं. सून म्हणाली, "बाबा, उन्हाचं झालं असेल." मी म्हटलं, असेल.

आपलं दापोडीचं गॅरेज मला अजून दिसतं. चार खांब, वर पत्रे, मधे खड्डा. पलीकडं रेल्वे, अलीकडं मुंबई रस्ता, आणि दोन्हींची धूळ आपल्या डोक्यावर. मी वीस वर्षांचा, बीडकडून आलेलो, नांगर सोडून दुसरं लोखंड हातात न धरलेला. तुम्ही खड्ड्यात उभे आहात. वर ट्रक आहे. नुसता पाना सरकतो त्या आवाजावरून तुम्ही मला म्हणता, "अर्धा फेरा राह्यलाय, बाप्पा." बाप्पा हे तुम्ही मला माझ्याच गावाकडच्या बोलीवरून चिडवायला म्हणायचात. नट पक्का बसला, की चंचीतली चुन्याची डबी काढायची, बोटावर चुना घ्यायचा आणि नटावरून बोल्टवर एक रेघ ओढायची. डबीतल्या चुन्यात डिंकाचं पाणी असायचं, म्हणून सुकला की तो धरून बसायचा.

"चुना सुकला की नट बोलतो," तुम्ही म्हणायचात. "रेघ तुटली, की समजायचं ह्यो हाललाय. आन ज्यानं आवळला त्यानंच लावायचा. दुसऱ्याच्या कामाला बोट लावायचं न्हाई."

ट्रकवाले चेष्टा करायचे. "काय वस्ताद, आज किती गिऱ्हाइकांना चुना लावला?"

"तुजी गाडी घाटात हुबी ऱ्हायली का कंदी? मग गप बस की."

आणि तो कांद्याचा ट्रक. चाकणच्या बाजारातून भरून आलेला, मुंबईला निघालेला, स्प्रिंगच्या पाट्याचे यू-बोल्ट बदलायला आपल्याकडं थांबलेला. आठ नट. ड्रायव्हर डोक्यावर उभा, "झालं का, झालं का" चाललेलं. सहा मी आवळले. दोन हातानं बसवले, पान्याचा अर्धा झटका दिला, आणि चुना ओढला. वाटलं, कोण बघतंय.

तुम्ही वाकून बघितलंत. हात लावला नाहीत.

"ह्ये तूच आवळलंस?"

"हो."

"समदं?"

"हो वस्ताद."

"बरं." मग ड्रायव्हरला म्हणालात, "भाऊ, आमा दोगांस्नी वडगावपातुर सोड. काम हाय. आन सावकास चालव, घाईनं कांदा नासतो."

मला वर कांद्याच्या पोत्यांवर बसवलंत आणि स्वतः केबिनमधे. पिंपरीच्या निर्वासितांच्या बराकी मागं पडल्या, चिंचवड गेलं, देहूरोडच्या लष्करी डेपोचं कुंपण गेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला मी त्या दोन नटांकडं कान लावत होतो. ओरडून सांगावं तर खोटं पकडलं जाणार, न सांगावं तर पुढं घाट. वडगाव येईपर्यंत मी काही बोललो नाही. हे तुम्ही लक्षात ठेवलं असणार. तिथं तुम्ही गाडी थांबवलीत, खाली उतरलात आणि पाना माझ्या हातात दिलात. "आता आवळ."

एक नट दीड फेरा फिरला, दुसरा दोन.

"वस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुज्या तोंडावं लिवलं व्हतं."

"मग तुम्ही कशाला बसलात गाडीत?"

तुम्ही तंबाखू मळत होता. म्हणालात, "चुना माज्या डबीतला हाय न्हवं."

एवढंच. थोबाडीत मारली असतीत तर मी विसरलो असतो. परतीच्या वाटेवर देहूरोडला, "भूक लागली आसंल, भेळ खातो का?" असं विचारलंत.

नैरोबीकर आले ते त्यानंतर तीनेक वर्षांनी. मूळचे चिंचवडचे, वडील रेल्वेच्या नोकरीत आफ्रिकेला गेले आणि तिकडंच राहिले. ह्यांचं तिकडं मोटारींचं दुकान. चुलतभावाच्या लग्नाला आले होते आणि चुलतभावाची गाडी आपल्या दारात बंद पडली. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावलीत, मला लावायला दिलीत, आणि दोघंही एकदम म्हणालो, "तिसरा सिलिंडर." त्यांचे डोळेच चमकले. म्हणाले, तिकडं गाड्यांची एक मोठी शर्यत होते, तीन देशांतून, चार दिवस, कच्च्या रस्त्यानं. वेळेवर पोचायचं, बस. दरवेळी साहेब लोक जिंकतात. "क्लबात मला म्हणाले, हिंदी माणसाची गाडी दुसऱ्या नाक्यापर्यंत जाणार नाही. वस्ताद, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मला काळं पानी बी नगं न गोरा सायब बी नगं," तुम्ही म्हणालात. "ह्याला न्या. ह्याचं कान माज्यापरीस तिखट हायेत."

आणि मी, वस्ताद, मी काय म्हणालो, तर, "साहेब, चालत्या गाडीतला आवाज माझ्या कानातून सुटायचा नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "लई बोलतोस," म्हणालात. पण निघायच्या दिवशी तुमच्या घरून काकींनी दिलेल्या दशम्यांच्या पुरचुंडीत तुमची चुन्याची डबी निघाली. पितळेची, झाकणावर घासून गेलेला मोर. तुम्ही स्वतःसाठी पत्र्याची साधी डबी घेतली होतीत, ती मी आदल्या दिवशी पाहिली होती आणि काही विचारलं नव्हतं. "गाडी पोचली की कळव," एवढंच म्हणालात. तुमचा खोकला तेव्हा सुरू झाला होता. मला तो ऐकू येत होता. तंबाखूचा, असं आपण दोघंही म्हणत होतो.

नैरोबीत दोन महिने मी ती गाडी उघडली आणि मिटली. प्रत्येक नट माझ्या हातचा, प्रत्येकावर तुमचा चुना. नैरोबीकर शेजारी बसून बघायचे, विचारायचे. मी त्यांना नियम सांगितला, ज्यानं आवळला त्यानंच लावायचा. ते म्हणाले, "हे आमच्या कारकुनांना शिकवायला हवं."

शर्यतीच्या सकाळी गाड्या ओळीनं उभ्या केल्या होत्या. सुटायच्या आधी शर्यतीचे अधिकारी गाड्या तपासत. वाटेत कुणी सुटे भाग बदलू नयेत म्हणून इंजिनवर, अ‍ॅक्सलवर, इकडंतिकडं पांढऱ्या रंगाचा ठिपका देत. शेवटी ठिपके मोजायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला गाडीखाली उताणा, मागच्या डाव्या पाट्याचे यू-बोल्ट शेवटचे एकदा आवळत होतो. आदल्या दिवशी पाट्याखाली नवी पट्टी घातली होती, म्हणून ते चार नट मी सैल करून परत घेत होतो. तीन झाले. चौथ्यावर पाना चढवला, आणि कुणीतरी माझा पाय धरून ओढला.

बाहेर आलो तर एक लालबुंद साहेब. टॉर्च लावून त्यानं गाडीखाली पाहिलं होतं आणि त्याला सगळीकडं पांढऱ्या खुणाच खुणा दिसल्या होत्या. तो नैरोबीकरांवर ओरडत होता. नैरोबीकरांचा चेहरा उतरला. "तो म्हणतोय, आपण त्यांचा रंग चोरून आधीच ठिपके मारून ठेवलेत. वाटेत भाग बदलायचे आणि खोटा ठिपका दाखवायचा, म्हणून. गाडी बाद करतो म्हणतोय."

मी डबी काढली. बोटावर चुना घेतला, त्याच्यापुढं धरला आणि जिभेला लावून दाखवला. तो दचकून मागं सरकला. आजूबाजूचे हसले. नैरोबीकर त्याला समजावत राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण ह्या सगळ्या खुणा पुसा. माझ्या रंगाशिवाय पांढरं काही दिसता कामा नये.

मी घासलेटचं फडकं घेतलं आणि पुसलं. वस्ताद, दोन महिन्यांचं पुसलं. साहेब पुढच्या गाडीकडं गेला. नैरोबीकर वाकून हळूच म्हणाले, "आतल्या अंगानं परत लाव. बारीक. वाकूनही दिसणार नाही असा." सुटायला थोडाच वेळ होता. मी पुन्हा खाली शिरलो आणि लावत सुटलो, बारीक रेघ, बारीक रेघ, बारीक रेघ. सगळे नट माझेच होते, सगळे आवळलेलेच होते, फक्त खूण परत करायची. शेवटची रेघ ओढली, बाहेर आलो, हात पुसले, आत बसलो, झेंडा पडला.

तीस-एक मैल गेल्यावर आठवलं. चौथा.

पाना चढवला होता. साहेबानं पाय ओढला होता. त्यानंतर मी तो नट आवळला की नुसता चुना लावला? मी डोळ्यांसमोर हात आणून बघितलं, जणू हातावर लिहिलेलं असणार. बोटावर चुना होता. पान्याचं काही आठवेना.

तुम्हाला सांगायला नको, पण माझ्या सुनेला हे कधी कळलं नाही म्हणून लिहितो. तो नट सुटत गेला की पाटा सरकतो, पाटा सरकला की मागचा अ‍ॅक्सल तिरका होतो, आणि मग स्टिअरिंग उजवीकडं वळवा, गाडी तिच्या मनाला येईल तिकडं जाते. सपाट रस्त्यावर ठीक. आम्ही जात होतो तिथं एका बाजूला दरी होती, आणि नैरोबीकर साठ मैलाच्या खाली येत नव्हते.

सांगायचं होतं. "साहेब, दोन मिनिटं थांबा," इतकंच. पण हर नाक्यावर कार्डावर शिक्का मारत आणि उशिराचं मिनिट न्‌ मिनिट लिहीत. नैरोबीकर दात ओठ खाऊन वेळ वाचवत होते, कारण क्लबातले ते लोक दुसऱ्या नाक्यावर मुद्दाम गाड्या घेऊन बघायला थांबले होते. दुसरा नाका पार झाला तेव्हा ते मोठ्यानं हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघितलंस त्यांची तोंडं? मिस्त्री, तुझे कान!" त्यानंतर कसं सांगणार? आणि सांगायचं तरी काय? की मी न आवळता चुना लावला, तुमच्या डबीतला?

म्हणून मी ऐकत बसलो. लोक विचारतात, सिंह पाहिला का, हत्ती पाहिला का. वस्ताद, मी जिराफसुद्धा पाहिला नाही. मी मागचा डावा कोपरा ऐकत होतो. लाल मातीच्या रस्त्याला वळ्या पडलेल्या, गाडी सगळीच खडखडतेय, इंजिन, दारं, मागचे डबे, आणि त्या सगळ्यातून मी एक "टक" शोधत होतो, जो अजून झालेला नव्हता. युगांडाच्या बाजूला पाऊस लागला आणि काळा चिखल. तसा चिखल मी आमच्या रानात पाहिला होता. बैल बसतो त्यात. उतरून गाडी ढकलली, तेव्हा वाकून पाट्याकडं बघितलं, तर नट, बोल्ट, चुना सगळ्यावर विटेसारखा थर. बोटानं खरवडतोय तोवर नैरोबीकर ओरडले, "अरे, चल, तिथं काय शेंगा खणतोयस?"

कंपालाला मुक्काम होता. मनात म्हटलं, आता सुटलो, इथं निवांत खाली शिरतो. तर तिथं गाड्या दोरखंडाच्या आत कोंडून ठेवतात, पहारा बसवतात आणि माणसाला हात लावू देत नाहीत! मी दोराच्या अलीकडं उभा राहिलो. शिपायानं हाकललं. परत येऊन उभा राहिलो. नैरोबीकर जेवायला बोलवायला आले. "इतकं काय बघतोस? पळून जाते काय?" मी म्हटलं, "नाही साहेब, बरी दिसतेय." दाढ दुखायला लागली ती तिथं.

तिथून परतून खाली तिसऱ्या देशात, टांगानिकाकडं. दोन दिवस, दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. नैरोबीकर मधूनमधून म्हणायचे, झोप जरा, मी आहे. मी म्हणायचो, नको साहेब, ऐकतोय. तिसऱ्या दिवशी दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, रस्ता सरळ. मला आठवतं की मी मांडीला चिमटा काढला. त्यापुढचं आठवत नाही.

जागा झालो तर गाडी उभी. एका मोठ्या झाडाखाली नाका, टेबल, टेबलामागं एक साहेब आणि चहाची किटली. माझं डोकं दाराला टेकलेलं. नैरोबीकर उभ्यानं चहा पीत होते. पाठमोरे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लाल मातीनं भरली होती.

मी खाली उतरलो आणि कुणाला काही न विचारता गाडीखाली गेलो. चौथा नट खरवडून स्वच्छ केलेला होता. पाना लावला, हललाही नाही. वर चुना होता. माझी रेघ दोऱ्याएवढी असते, ही अंगठ्याची, जाडजूड, फासलेली, अजून ओलसर. माझ्या खिशातल्या डबीचं झाकण अर्धवट लागलं होतं.

बाहेर आलो. नैरोबीकरांनी चहाचा कप पुढं केला. "झोप झाली, मिस्त्री?"

"साहेब, वाटेत थांबला होतात?"

"थांबलो असेन." आणि कार्ड खिशात घातलं. पण आकडे मला वाचता यायचे. तोवर सगळीकडं शून्य होतं. त्या नाक्यावर अकरा लिहिलं होतं.

आम्ही पोचलो, वस्ताद. निम्म्याहून जास्त गाड्या वाटेतच पडल्या, आम्ही पोचलो. आमच्या जातीच्या लहान गाड्यांना एक वेगळा चषक होता, तो एका साहेबाला गेला. तो आमच्यापेक्षा नऊ मिनिटांनी पुढं होता. अकरातून नऊ वजा करायला फार शाळा लागत नाही. नैरोबीकरांनी ती वजाबाकी माझ्यासमोर कधी केली नाही. त्या लोकांच्या समोर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ही गाडी ह्याच्या कानांवर आली." तेव्हाच तो फोटो काढला. नीट बघितलं तर त्यात माझा उजवा गाल सुजलेला आहे. सगळ्यांना वाटतं मी हसतोय.

मोंबासाच्या धक्क्यावर बोटीत चढताना ते म्हणाले, "तुझ्या वस्तादांना मागंच विमानानं पत्र टाकलंय. तुझ्या कानांनी गाडी पोचवली असं लिहिलंय. म्हाताऱ्याला बरं वाटेल. तू जाऊन ते खोटं पाडू नकोस."

दापोडीला उतरलो तेव्हा पत्र्याखाली दुसऱ्याच कुणाची बैलगाडी सोडलेली होती. मी समजलो, पण तरी तुमच्या घरापर्यंत धावत गेलो. काकी उंबऱ्यात बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मला बघून रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आलास व्हय. पंधरा दिस झालं."

मग म्हणाल्या, "तुज्या सायबाचं पत्र आलं व्हतं. चावाल्यानं वाचून दावलं. तीन डाव वाचाय लावलं त्याला. खोकत व्हते, तरी समद्यास्नी हाका मारून सांगत व्हते, माज्या पोराच्या कानानं गाडी पोचली, गोऱ्यांच्या म्होरं. पाचव्या दिशी गेले." त्यांनी विचारलं, "खरंच का रं?"

समोर तुमची पत्र्याची डबी भिंतीच्या देवळीत होती. मला वडगाव आठवत होतं. तुम्ही असतात तर वाकून एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं असतंत आणि पुढं विचारलं नसतंत. काकींना तोंड वाचता येत नव्हतं.

"व्हय काकी," मी म्हटलं. "खरंच."

त्या वेळी ते बरोबर होतं असं मी अजून म्हणतो. चुकलं ते पुढं. काकींना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडं सांगितलं, मग भोसरीला पहिली शेड घेताना बँकेच्या माणसाला सांगितलं, मग मुलांना, मग नातवंडांना. खोटं पाडू नकोस म्हणाले होते. वाढवत ने असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी सांगताना वाटतं, ह्या घोळक्यात कुणीतरी एक असेल जो वाकून बघेल. चाळीस वर्षं झाली, अजून कुणी वाकलं नाही. माझा ड्रायव्हर तक्रार करतो की म्हातारा मुंबईला जाताना मागच्या सीटवर ताठ बसून राहतो, रेडिओ लावू देत नाही, आणि लोणावळ्याला उतरून चाकांभोवती फेरी मारतो. करू दे तक्रार.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, ते उघड आहे. निघोज्याला तुमच्या समाधीपाशी वाचून दाखवावं असं सकाळी मनात आलं होतं. पण तिथं जवळच दुसऱ्या शिफ्टची पोरं डबा खायला बसतात, आणि त्यांत तुमचा चुलतनातू असतो. म्हणून घडी घालून ठेवून देतो. ठेवण्याआधी एक राहिलं, ते लिहितो. मोंबासाच्या धक्क्यावर नैरोबीकर आणखी एक वाक्य बोलले होते, हसत, बोटीचा भोंगा वाजत असताना, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणाले, मागून काहीतरी टकटकतंय असं त्यांना दोन-तीन मैल वाटत होतं, पण खात्री होईना. शेवटी गाडी हळू करून त्यांनी माझं डोकं धरून दाराकडं वळवलं, तेव्हा कुठं त्यांना ती मागची टकटक नीट ऐकू आली. मी घोरत होतो.